शब्दचर्चा: ज्ञान व्यवस्थापन, माहिती व्यवस्थापन आणि माहितगार (बोलणाऱ्यांची ओळख नावाऐवजी कोल्हापुरातल्या भागावरून दिली आहे)

शाहूपुरी: ग्रंथालयशास्त्राचा प्रकल्प मराठीत लिहितेय. ‘नॉलेज मॅनेजमेंट’ला ‘ज्ञान व्यवस्थापन’ लिहिलं, तर आमच्या मॅडमनी विचारलं, ‘माहिती व्यवस्थापनाहून हे वेगळं कसं, ते एका वाक्यात सांग.’ तिथंच घोडं अडलंय. दुसरं, ‘टॅसिट नॉलेज’ला, म्हणजे माणसाजवळ असतं पण सांगता येत नाही त्या ज्ञानाला, कुणी ‘सुप्त ज्ञान’ म्हणतं, कुणी ‘अव्यक्त ज्ञान’. कोणता घ्यावा?

गंगावेस: वेगळं काही नाही बघा. वर्गीकरण, तालिकीकरण म्हणजे पुस्तकांची सूची करणं, देवघेव, संदर्भसेवा हे सगळं आम्ही ग्रंथालयवाले करतच होतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९४५ साली केला, देशात सगळ्यात आधी. महाराष्ट्राचा त्यानंतर १९६७ ला आला. एवढ्या काळात ज्ञानाची व्यवस्था नव्हती म्हणायची काय?

राजारामपुरी: काका, शब्दाचं माहेर कुठलं ते बघा, मग फरक कळेल. हा शब्द ग्रंथालयातला नाहीच, कंपन्यांतला. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात ग्रंथालयशास्त्र ०२० ला, आणि नॉलेज मॅनेजमेंटची पुस्तकं ६५८.४०३८ ला, म्हणजे उद्योग व्यवस्थापनाच्या कपाटात. कंपन्यांना चिंता अशी, की जुना माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या डोक्यातलंही जातं. नोनाका आणि ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५ मध्ये जपानी कंपन्यांचे दाखले देऊन हेच मांडलं: कामातलं बरंचसं ज्ञान कागदावर नसतंच, ते माणसाकडून माणसाकडे जातं, आणि त्यातलं काही शब्दांत उतरवता येतं. ‘टॅसिट’ ही कल्पना त्यांनी मायकेल पोलान्यी या विचारवंताकडून घेतली. तेव्हा ताई, नोंदलेल्याची व्यवस्था ते माहिती व्यवस्थापन, आणि न नोंदलेलं दुसऱ्यापर्यंत पोचवायची व्यवस्था ते ज्ञान व्यवस्थापन.

मंगळवार पेठ: व्याख्या पटली, पण ‘ज्ञान’ शब्द मराठी कानाला जड जातो. आपल्याकडे ज्ञान ‘होतं’, ‘मिळतं’, गुरूकडून ‘लाभतं’. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं म्हणून अमानित्व, अदंभित्व सांगितली आहेत, म्हणजे मान न मिरवणं, दंभ नसणं. त्याचं व्यवस्थापन कोण आणि कसं करणार? ‘माहिती’ मात्र ‘देता’ येते, ‘भरता’ येते, अर्जात ‘खोटी’सुद्धा लिहिता येते. ‘खोटं ज्ञान’ असं सहसा कुणी म्हणत नाही. क्रियापदं बघितली की दोन शब्दांतलं अंतर आपोआप दिसतं.

गंमत अशी, की या ‘माहिती’च्याच घरातला ‘माहितगार’ घ्या. त्याला चार गोष्टी पाठ असतात म्हणून तो माहितगार नव्हे. कुठली गोष्ट कुठं सापडेल, कुणाला विचारावं, कशावर विश्वास ठेवू नये, हे त्याला कळतं. तुमचं टॅसिट नॉलेज बाळगणाऱ्या माणसाला मराठीत नाव कधीचंच आहे, फक्त त्याच्याजवळ जे असतं त्याला नाव नाही.

गंगावेस: हां, आता मुद्द्यावर आलात. वाचक येऊन विचारतो, ‘आमच्या तालमीचा इतिहास कशात मिळेल?’ तालिकेत ‘तालीम’ म्हणून शोधलं तर हाती काही लागत नाही. पण देवघेवीच्या टेबलावरच्या जुन्या माणसाला ठाऊक असतं, की अमुक स्मरणिकेत एक लेख आहे, तमुक संस्थेच्या अहवालात यादी आहे, आणि मोडी कागद बघायचे तर पुराभिलेखागारात जावं लागेल. ही पुस्तकं त्याच्या हाताखालून गेलेली असतात. तो निवृत्त झाला की दुसऱ्या दिवशी तोच वाचक ‘इथं काही नाही’ असं ऐकून परत जातो. पुस्तक तिथंच असतं, दाखल अंकासकट, म्हणजे नोंदवहीतल्या क्रमांकासकट.

म्हणून मी विचारणा वही ठेवायचो. कुणी काय विचारलं, कुठं सापडलं, आणि कुठं शोधून सापडलं नाही. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. पण तपासणीला दाखल नोंदवही मागतात, असली वही कोण मागतंय?

राजारामपुरी: काका, तुमची ती वही म्हणजेच ज्ञान व्यवस्थापन. आता हेच संगणकावर करतात.

मंगळवार पेठ: जरा थांबा. वहीत उतरलं की ते वाचणाऱ्यासाठी पुन्हा माहितीच झालं. नव्या माणसानं ती वही घेऊन दहा वाचकांना वाट दाखवली, तर त्याला ज्ञान झालं म्हणायचं. त्यामुळं नुसतं सॉफ्टवेअर बसवून ‘ज्ञान व्यवस्थापन प्रणाली सुरू’ अशी पाटी लावली तर मी हसणार.

कसबा बावडा: सुप्त की अव्यक्त, ते राहिलंच. ‘सुप्त’ला माझा विरोध. आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला पाक बघून सांगतो, आता उतरवा. फुगे बघतो, वास घेतो, पाण्यात थेंब टाकून गोळी करून बघतो. कशावरून ठरवलं विचारलं तर म्हणतो, ‘दिसतंय की!’ त्याचं ज्ञान झोपलेलं आहे काय? कामाच्या वेळी सगळ्यात जागं तेच असतं. सांगता येत नाही एवढंच.

मंगळवार पेठ: बरोबर. ‘सुप्त गुण’ म्हणतो तेव्हा ते अजून वापरात आलेले नसतात, इथं उलट आहे. ‘अव्यक्त’ चालेल. ‘अव्यक्त’ला सांख्य दर्शनातल्या ‘प्रकृती’ या अर्थाचं ओझं आहे, पण ग्रंथालयशास्त्राच्या वाचकाला ते जाणवणार नाही. बोलीभाषेत ‘अंगवळणी पडलेलं’ सगळ्यात जवळचं, मात्र त्याला शीर्षकात बसवता येत नाही.

शाहूपुरी: मग असं लिहू का: ‘माहिती व्यवस्थापन नोंदींची व्यवस्था लावतं. ज्ञान व्यवस्थापन माहितगारांजवळचं अव्यक्त ज्ञान संस्थेतल्या इतरांना वापरता येईल अशी सोय करतं.’ वाक्यं दोन झाली.

गंगावेस: झाली तर झाली. मॅडमना सांगा, काका म्हणाले.

राजारामपुरी: ‘संस्थेतल्या इतरांना’ऐवजी ‘इतरांना’ एवढंच ठेवा. ग्रंथालयात वाचकसुद्धा माहितगार असतो, आणि घेणाराही तोच. कंपनीतली व्याख्या जशीच्या तशी उचलली की वाचक बाहेर राहतो.

शाहूपुरी: घेतलं. आणखी एक. शिवाजी विद्यापीठातल्या ग्रंथालयाचं नाव लिहायचंय, बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र. टंकताना ‘ज्ञानस्त्रोत’ झालं, आणि मैत्रीण म्हणते तेच बरोबर.

मंगळवार पेठ: ‘स्रोत’. स ला र, मध्ये त नाही. धातू ‘स्रु’, वाहणे. ‘स्त्री’ लिहायची सवय हाताला असते म्हणून त घुसतो. छापील पत्रिकांतसुद्धा घुसलेला दिसतो, तेव्हा मैत्रिणीला रागावू नका.