बाळाचं पहिलं मटण, मासे, कोंबडी : काय दिलंत, कसं दिलंत?

रानजाई
काल भाचीचा फोन. लेक सहा महिन्यांची झाली, उष्टावण झालं, खीर चाटवून झाली. आता डॉक्टर म्हणतात अंडं-चिकन-मटण सुरू करा आणि सासूबाई म्हणतात आधी दात येऊ देत. "मावशी, तू दादाला काय द्यायचीस गं?"

आमच्याकडे साताऱ्याला रविवारी मटण शिजलं की तिखट पडायच्या आधी सासूबाई एक वाटी अळणी बाजूला काढायच्या. हळद, आलं-लसूण, कांदा, बास. त्यात मांडीचा एक तुकडा असायचा, चांगला मेणासारखा मऊ. तो त्या ताटलीत ठेवून बोटांनी रेषा-रेषा सोडवायच्या, चरबीचा पांढरा पडदा काढून टाकायच्या आणि लांब रेषांची एक जुडी पोराच्या मुठीत द्यायच्या. तो अर्धा तास चोखत बसायचा, चोथा बाहेर टाकायचा, परत हात पुढे. दात एकही नव्हता. फिंगर फूड वगैरे शब्द कुणाला ठाऊक होते!

भाचीला हे सांगितलं तर म्हणाली अजून कुणाचे अनुभव असतील तर विचार. म्हणून हा धागा. घरच्यांनी काय गोंधळ घातला तेही लिहा :)

नळीफकीर
पहिला!
आमच्या पोराला नळी. लई मोठी, गुळगुळीत, दोन्ही टोकं बघून घेतलेली, कुठं कपचा नाही. आतला मगज बापानं खाल्ला (हक्काचा आहे), वर चिकटलेलं मांस पोरानं. हिरड्या शिवशिवत होत्या त्या पण गप्प झाल्या. बायको समोर बसून एकटक बघत होती, मी तिच्याकडं.

अर्धीवाटी
नळी चघळायला ठीक आहे पण पोटात फार जात नाही. मी खिम्याचे मुटके करायचे. खाटकाला सांगायचं खिमा मशीनमधून दोनदा काढ. घरी आलं-लसणाची किंचित पेस्ट, हळद, उकडलेला बटाटा कुस्करून, चमचाभर ज्वारीचं पीठ, कोथिंबीर अगदी बारीक. मीठ नाही. मुठीत दाबून बोटाएवढे लांब मुटके, ढोकळ्याच्या भांड्यात वाफवायचे. मग पाहिजे तर तव्यावर तुपाचा हात लावून जरा परतायचे, पण वरून कडक होऊ द्यायचे नाहीत. अंगठा आणि तर्जनीत दाबला की सहज चिरडला पाहिजे, नाहीतर परत वाफेवर.
मटणात बटाटा नसेल तर मुटका रबरी होतो. कोंबडीच्या खिम्याला दुधी किसून घालते, छान ओलसर राहतो.

दुपारचा_चहा
अळणी वाचूनच भूक लागली. कुणी पायासूपची रीत देईल का? बाळासाठी नाही, माझ्यासाठी. गुडघे.

वरणभातवाली
मी माहेरची पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण पण चतुर्थीला बंद. नवरा अलिबागचा. लेकीला अंडं-चिकन द्यायचं हे लग्नाआधीच कबूल केलं होतं, फक्त शिजवणार तू, असं म्हणाले होते. तर साहेबांनी बाल्कनीत इंडक्शन मांडला, छोटा कुकर, वेगळी सुरी, वेगळा पाट. पहिल्या दिवशी कोंबडीच्या तंगडीचं मांस शिट्ट्या करून करून इतकं शिजवलं की हाडच सुटून आलं. लेक दोन्ही हातांनी धरून... मी दारातून बघत होते. वास सहन होत नव्हता आणि तिचा चेहरा बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. आता ती चार वर्षांची आहे, माझ्या आईकडे गेली की "आजी, तंगडी नाहीये का?" विचारते. आई देवघरात जाते.

रानजाई
@वरणभातवाली, आई देवघरात जाते 😂😂

सात्त्विक_पुणे
इतक्या लहान जिवाला मांस पचत नाही. आपल्या पूर्वजांनी विचार करूनच मुगाचं कढण आणि नाचणीचं सत्त्व सांगितलं आहे. उगाच पाश्चात्त्यांचं अनुकरण.

खाडीकाठ
आमचे पूर्वज मासे मारत होते हो काका.

नळीफकीर
आमचे बकरी राखत होते.

बालरोगवाली
ओपीडीत दोन पेशंटच्या मध्ये लिहितेय, तुटक वाटेल.
भांडू नका, नाचणी पण द्या, मूग पण द्या. पण मांस पचत नाही हे खरं नाही. पूर्ण दिवसांचं बाळ आईच्या पोटातून लोहाचा जो साठा घेऊन येतं तो साधारण सहा महिन्यांपर्यंत पुरतो. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणजे नेमकं वरचं अन्न सुरू होतं तेव्हाच गरज वाढते आणि आपण देतो काय, तर भाताची पेज आणि वरणाचं पाणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली, महाराष्ट्रात जवळपास ६९. मांसातलं लोह डाळी-भाज्यांतल्या लोहापेक्षा बरंच जास्त शोषलं जातं, शिवाय सोबतच्या डाळी-नाचणीतलं लोहही ओढून घ्यायला मदत करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांना मांस, मासे किंवा अंडी रोज द्यावीत असं आहे. जे खात नाहीत त्यांच्यावर सक्ती नाही, त्यांनी लोहाचं औषध आणि लिंबू-आवळ्याची जोड याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावं.
आणि एक. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आया सांगतात "मटण सुरू केलंय", विचारलं की कळतं फक्त सूप. लोह मांसात राहतं हो, पाण्यात फारसं उतरत नाही. अळणी प्यायला द्या, पण तो तुकडा बापाच्या ताटात जाऊ देऊ नका. रानजाईंच्या सासूबाईंनी दिला तसा बाळाला द्या.
आले, पेशंट रडतोय.

नळीफकीर
बापांवर नेम धरलाय आज.

खाडीकाठ
माशांचं कोण बोलणार? मीच बोलतो. आमच्या घरात पहिला मान ओल्या बोंबलाचा. नुसता हळद-पाण्यात दोन मिनिटं, मधला काटा शेपटीकडून धरून वर उचलला की सबंध निघतो. राहिलेलं इतकं मऊ की हातात धरेपर्यंत लगदा होतो, म्हणून आई त्याला तांदळाच्या पिठात लोळवून तव्यावर कमी तेलात जरा आवळून घ्यायची. मग लांब तुकडा मुठीत राहतो. तरी सुद्धा बोटांनी चाचपून बघायचं. काट्यांचा विश्वास नाही, भाऊबंदांचा एकवेळ धरेन.
बांगड्याची पाठीकडची जाड पट्टी देतो, पोटाकडे बारीक काटे फार. मांदेली, तारली मोठी होईपर्यंत नाही. पापलेट देतात सगळे पण भाव बघितलात का सध्या?
आजी मोरीचं (मुशी म्हणतात काही ठिकाणी) सुकं द्यायची, काटाच नाही म्हणून.

लीड्सची_लेक
@खाडीकाठ मोरी नको. शार्कच ती. इथे इंग्लंडात एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) लहान मुलांना शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन देऊच नका म्हणतं, पाऱ्यामुळे. मोठा मासा लहान मासे खाऊन खाऊन पारा साठवतो. बांगडा-बोंबील उत्तम.
इथली हेल्थ व्हिजिटर (बाळ बघायला येणारी नर्स) घरी आली होती, तिने पहिल्याच भेटीत लॅम्ब सांगितलं. मला वाटलं प्युरी सांगेल. तर म्हणे सुरुवातीला तुमच्या बोटाएवढा लांब तुकडा, कारण या वयात मूठ मिटून धरतात, मुठीच्या बाहेर टोक आलं पाहिजे. नऊ महिन्यांच्या आसपास चिमटीत धरायला लागले की मग बारीक रेषा. मी आपलं बारीक बारीक करून वाटीत घालणार होते. वर्षाच्या आत दिवसभरात १ ग्रॅमच्या आत मीठ, त्यामुळे आमचं मटण वेगळं आणि बाळाचं वेगळं असं दोन महिने केलं. मग कंटाळले आणि सासूबाईंची युक्ती, सगळ्यांचंच अळणी शिजवून आपल्या वाटणीत नंतर मीठ-मसाला. रानजाई, साताऱ्याचीच पद्धत की ही!

बाळंतविडा
गिळताना ठसका लागला तर?? मी इतकी घाबरते की आठ महिने झाले तरी मिक्सर सोडला नाही. काल नणंदेने चिकनची रेषा दिली, बाळाने ओऽऽ केलं, मी तिच्यावर ओरडले, ती रुसून गेली. आज राखी पौर्णिमेचं काय करायचं घरात कळत नाही.

अर्धीवाटी
@बाळंतविडा नणंदेला फोन करा आधी. बाकी डॉक्टरीणबाई सांगतील.

बालरोगवाली
@बाळंतविडा ओऽऽ करणं म्हणजे ओकारीचा प्रतिक्षेप. आवाज येतो, तोंड लाल होतं, जीभ बाहेर, घास पुढे ढकलला जातो. ते बाळ शिकतंय. या वयात हा प्रतिक्षेप जिभेवर बराच पुढे असतो, म्हणून वारंवार होतो. अशा वेळी तोंडात बोट घालू नका, घास उलट मागे जातो.
खरं अडकणं गप्प असतं. आवाज नाही, खोकला नाही, रडता येत नाही, ओठ निळे पडायला लागतात. तेव्हा बाळाला पालथं हातावर घ्यायचं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये ५ थापट्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, आलटून पालटून, आणि कुणीतरी १०८ ला फोन. वाचून येत नाही हे, जवळच्या रुग्णालयात प्रथमोपचार शिकवतात का विचारा, दोघांनी जा.
बाकी नियम साधे. ताठ बसवून, समोर मोठं माणूस, गाडीत नाही, रांगताना नाही. सॉसेजच्या गोल चकत्या, कडक तळलेले तुकडे, हाडाचे कपचे नकोत. @नळीफकीर नळी ठीक, पण कोंबडीची बारीक हाडं नकोत.

नळीफकीर
हो बाई.

बाळंतविडा
धन्यवाद 🙏 नणंदेला फोन केला. ती म्हणाली चिकन घेऊन येते.

पाड्यावरची_ताई
मी पालघरकडे अंगणवाडीत. इथे मटण रोजचं कुणाला? अंडं मिळतं. अमृत आहार योजनेत सात महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्याला चार दिवस अंडं आहे. आया घरी नेतात आणि मोठ्या भावंडाला देतात, बाळाला नाही, "त्याला काय कळतंय". मग मी माझ्यासमोरच खाऊ घालायला लावते. उकडलेल्या अंड्याच्या उभ्या फाका करायच्या, पिवळा कोरडा वाटला तर आईचं दूध किंवा पेज लावून. पावसाळ्यात मुलं खेकडे, मासे घेऊन येतात ओढ्यावरून. आज्या खेकडा ठेचून गाळून रस पाजतात बाळाला. नीट उकळलेला असेल तर पाजू देत, पण मी म्हणते मळ्या मासे पकडलेत त्यांचं मांस पण द्या, काटा काढून. लोहाचं सिरप आठवड्याला दोनदा १ मिली, ते पण आशाताई देते, ते टाळू नका शहरातल्यांनी पण.
नेट गेलं तर उत्तर उद्या.

वरणभातवाली
ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. सिरप आमच्या फ्रिजच्या दारात पडून आहे असं म्हणाला.

चुलीवरची
कलेजीचं कुणीच लिहिलं नाही! कोंबडीच्या कलेजीत १०० ग्रॅमला ९ मिग्रॅ लोह असतं म्हणे. आमच्याकडे वाफवलेली कलेजी रताळ्यात कुस्करून आप्पेपात्रात. थोडं नाचणीचं पीठ, एक अंडं, झालं. मोठ्यांनीच उडवले निम्मे. बाळाला आप्पे अर्धे चिरून, उभे.

बालरोगवाली
कलेजी उत्तम पण आठवड्यातून एकदाच, थोडीशी. जीवनसत्त्व अ फार असतं तिच्यात, ते साठतं. आत गुलाबी राहता कामा नये.

लीड्सची_लेक
आप्पेपात्र!! गेल्या वेळी बॅगेत वजन होतं म्हणून आईकडे ठेवून आले. आता डिसेंबरला आणते.

दुपारचा_चहा
बिडाचं आण, नॉनस्टिकचा थर उडतो. माझं आजीचं आहे, सात खळ्यांचं. पायासूप??

अर्धीवाटी
श्रावणात काय करता सगळे? आमच्याकडे महिनाभर घरात काही येत नाही. मी आषाढातच मुटके वाफवून फ्रीझरला टाकते, ट्रेमध्ये सुटे गोठवून मग पिशवीत, म्हणजे चिकटत नाहीत. काढलेला परत गोठवायचा नाही, आणि गरम करताना आतपर्यंत वाफाळला पाहिजे. सासऱ्यांना माहीत आहे फ्रीझरमध्ये काय आहे. ते खालचा कप्पा उघडतच नाहीत, नातीसाठी एवढं चालतं म्हणाले.

सात्त्विक_पुणे
श्रावणात सुद्धा? असो. अंड्याबद्दल मात्र माझ्याही नातवाच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. ॲलर्जी होत नाही ना?

बालरोगवाली
काका, अंडं उशिरा देऊन ॲलर्जी टळते हा जुना समज. पूर्ण शिजवलेलं, थोडंसं, सकाळी द्या म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलट्या दिसल्या तर लगेच या. इसब फार असेल तर आधी दाखवा.

सात्त्विक_पुणे
बरं. सुनेला सांगतो.

खाडीकाठ
काकांना बोंबील पाठवू का?

सात्त्विक_पुणे
नको. सुनेला विचारून सांगतो.

रानजाई
भाचीने विचारलंय, मटण किती शिट्ट्या? तिचा कुकर नवा आहे, इंडक्शनचा, शिट्टीच होत नाही म्हणे नीट.

अर्धीवाटी
शिट्ट्या मोजू नका. बकरं कोवळं की निबर त्यावर आहे. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक, २५ मिनिटं, उघडून चमच्याने दाबून बघा. रेषा आपोआप सुटल्या नाहीत तर परत लावा. शिट्टी होत नाही म्हणजे गास्केट उलटी बसली असेल, किंवा रबर सुकलंय. पाण्यात बुडवून बसवायला सांगा.

रानजाई
गास्केटच होती!

दुपारचा_चहा
मी अजून इथेच आहे. पाये.

नळीफकीर
चहावाले, वेगळा धागा काढतो रविवारी. आधी खाटकाकडून भाजलेले आणतो, घरी भाजले तर शेजारचे भांडायला येतात.