'क्लायंट-साइड'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

मी अंधेरीत वेब डेव्हलपमेंटचं काम करते आणि रविवारी सकाळी दादरला डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. मुलं बहुतेक मराठी माध्यमातली. त्यांच्यासाठी टिपणं लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर अडले. 'क्लायंट-साइड लॉजिक' (साइटचा वापरणाऱ्याच्या मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर चालणारा कोड) आणि 'सर्व्हर-साइड लॉजिक' (साइटच्या मुख्य कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, चालणारा कोड) यांना काय म्हणायचं? मी आधी सरळ 'ग्राहकाच्या बाजूचा तर्क' असं लिहून टाकलं. एका मुलाने ते वाचून विचारलं, "मॅडम, हा कोड ग्राहकाची बाजू घेतो का?"

त्याचं काहीच चुकलं नाही. मराठीत कुणाच्या बाजूने म्हटलं की पक्ष घेणं आलं, आणि बाजूला म्हटलं तर शेजारी. 'सर्व्हरच्या बाजूला' म्हणजे सर्व्हरला लागून ठेवलेलं काहीतरी. प्रोग्रॅम कुठे चालतो, एवढंच मला सांगायचं आहे आणि ते 'बाजू'तून येतच नाही.

'तर्क' तर त्याहून वाईट. आपण तर्क लढवतो ते नक्की माहीत नसतं तेव्हा. इथे तर सगळं काटेकोर असतं: रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी, तारीख उलटून गेलेली नको. आणि 'ग्राहक' म्हणजे दुकानात आलेला माणूस. इथला क्लायंट माणूस नाही, त्याच्या हातातल्या मोबाइलवरचा किंवा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम आहे. तुम्ही रोज बोलताना काय म्हणता?

प्रतिसाद

'सर्व्हर'ला हात लावू नका. रेशनच्या दुकानात आजीसुद्धा "सर्व्हर डाऊन आहे म्हणे" सांगत परत येते. सर्व्हरवर, सर्व्हरकडे, सर्व्हरला असे सगळे प्रत्यय तो बिनतक्रार घेतो. मग आणखी काय मराठी व्हायचं राहिलं? 'सेवक' म्हटलं तर अर्थच उलटा होतो, कारण शेवटचा शब्द सर्व्हरचाच असतो.

'लॉजिक'ला 'नियम' म्हणा. आमच्याकडे बिझनेस लॉजिकला, म्हणजे धंद्याचे नियम सांभाळणाऱ्या कोडला, आम्ही 'व्यवहाराचे नियम' म्हणतो आणि नव्या मुलांना ते लगेच कळतं.

प्रतिसाद

ताई, मला कोडिंग येत नाही, पण फोर्टमधल्या एका बँकेत ३२ वर्षं काउंटरवर काढली. तुम्ही जागेचा शब्द शोधताय. मला वाटतं, क्रियापदापासून सुरुवात करा.

आमच्या हॉलमध्ये एक शिपाई असायचा. रांगेत उभ्या माणसाच्या हातातली स्लिप तो जाता जाता बघायचा. "अहो, अक्षरी रक्कम राहिली." "तारीख घाला." माणूस तिथल्या तिथे दुरुस्त करायचा, त्याची खेप वाचायची. याला आपण टोकणं म्हणतो. पण पुढे खिडकीवर मी ती स्लिप पुन्हा पहिल्यापासून वाचत असे, खात्यात शिल्लक बघत असे, नमुना सहीशी सही जुळवत असे. शिपायाने बघितली आहे म्हणून मी कधीच पैसे मोजून दिले नाहीत. याला खातरजमा म्हणतात. खातर म्हणजे मन, ते जमा होणं म्हणजे निश्चिंत होणं. ज्याच्यावर जबाबदारी, त्याने स्वतःच करायची गोष्ट. दुसऱ्याने केलेली खातरजमा आपल्याला चालत नाही.

तुमच्याकडेही असंच असेल, तर ब्राउझर टोकतो आणि सर्व्हर खातरजमा करतो.

मूळ प्रश्नकर्ती

काका, नमस्कार करते तुम्हाला. दोन्ही कामांना आम्ही 'व्हॅलिडेशन' हा एकच शब्द वापरतो, म्हणूनच मुलं घोटाळतात. एकदा केलं ना, मग परत कशाला, असं त्यांना वाटतं.

तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घेते. आयएफएससी कोड, म्हणजे बँकेच्या शाखेचा ओळख-कोड, ११ अक्षरांचा आणि पाचवं अक्षर कायम शून्य. लोक तिथे हटकून इंग्रजी 'ओ' टाइप करतात. ब्राउझर ते तत्क्षणी टोकू शकतो, त्यासाठी सर्व्हरला विचारायची गरज नाही. पण त्या शाखेत हे खातं आहे का, कुणाचं आहे, हे ब्राउझरला कुठून कळणार? तिथे खातरजमाच हवी.

टोकण्याची गरजही कशी निर्माण झाली बघा. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइकने तयार केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मॉडेमचा जमाना. एक रकाना रिकामा राहिला हे कळण्यासाठी अख्खा फॉर्म सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा. ही खेप वाचवणं हे जावास्क्रिप्टचं अगदी सुरुवातीचं काम होतं.

गेल्या रविवारी मुलांना एक प्रयोग दाखवला. सरावासाठी केलेल्या दुकानाच्या पानावर १,२५० रुपयांची साडी. ब्राउझरमध्ये इन्स्पेक्ट (पानामागचा कोड दाखवणारी सोय) उघडलं, फॉर्मच्या लपवलेल्या रकान्यातली किंमत खोडून १ लिहिली आणि बटण दाबलं. ऑर्डर एका रुपयात गेली! वर्ग एकदम शांत. मग सर्व्हरवर किंमत डेटाबेसमधूनच घेण्याचे नियम लिहिले आणि पुन्हा तेच केलं. बिल १,२५० चं आलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ही चूक मी खऱ्या साइटवर केली होती, आणि ती माझ्याआधी एका गिऱ्हाइकाला सापडली. म्हणून मला हा शब्द इतका नेमका हवा आहे.

प्रतिसाद

एक भर. मुलांना 'जावास्क्रिप्ट म्हणजे क्लायंट-साइड' असं पाठ करू देऊ नका. २००९ साली नोड (जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणारी प्रणाली) आल्यापासून तीच भाषा सर्व्हरवरही सर्रास चालते. फरक जागेचा आहे, भाषेचा नाही.

आणि 'ब्राउझर'वर अडून राहू नका, मोबाइल ॲपही क्लायंटच. 'वापरणाऱ्याकडचे नियम' आणि 'सर्व्हरवरचे नियम' कसं वाटतं? 'कडचे'मध्ये आणखी एक गोष्ट आपोआप येते. जे वापरणाऱ्याकडे गेलं, ते त्याचं झालं. तो ते वाचेल, बदलेल. सवलतीचा गुप्त कोड तिथे ठेवायचा नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

'वापरणाऱ्याकडचे नियम' घेतलं. लांब आहे, पण ऐकल्याबरोबर कळतं. 'खातरजमा'ही घेतली. आता 'टोकणे'चं नाम राहिलं. धड्याच्या मथळ्यात 'टोकणी' लिहू का?

प्रतिसाद

नको. आमच्या गावी टोकणी म्हणजे बी एकेक करून मातीत खोचणं. शेतकऱ्याच्या घरातलं पोर वर्गात असलं तर त्याला भुईमूग आठवेल. क्रियापदच मथळ्यात घ्या: 'कुठे टोकायचं, कुठे खातरजमा करायची'.