डायोजेनिस पिंपात राहायचा की रांजणात?

गवतीचहा: शाळकरी मुलांसाठी ग्रीक तत्त्वज्ञांवरची पुस्तिका मराठीत आणतोय. सिनोपेचा डायोजेनिस इंग्रजीत ‘बॅरल’मध्ये राहतो. मी ‘पिंप’ लिहिलं. संपादकबाई म्हणतात, मुलांना रॉकेलचं पिंप दिसेल. काय लिहू?

उंबरठा: बाईंचं बरोबर, पण कारण वेगळं. मूळ शब्द ‘पिथोस’. तेल, दारू, धान्य साठवायचं भाजल्या मातीचं अवाढव्य भांडं. रांजण लिहा.

सांगलीकर: शिवाय ‘पिंप’ पोर्तुगीज ‘पीपा’वरून आलेलं. इ.स.पूर्व चौथ्या शतकातला माणूस फिरंग्यांच्या भांड्यात कशाला कोंबायचा?

चकोर: मग बटाटा, पाव, चावीही बंद करा की.

विहिणबाई: आमच्या परसातल्या रांजणाचं तोंड एवढंसं. मांजर पडलं तर काढताना पुरेवाट व्हायची. त्यात अख्खा माणूस?

उंबरठा: क्रीटमध्ये क्नोसोसच्या राजवाड्यात पिथोस आजही आहेत, माणसाच्या उंचीचे. आडवा टाकला की झाली खोली. अथेन्स-स्पार्टाच्या पेलोपोनेशियन युद्धात अथेन्सला पळून आलेले खेडूतही असल्याच भांड्यांत राहिले; अ‍ॅरिस्टोफेनिसच्या नाटकात टोमणा आहे. डायोजेनिसचा मुक्काम मेट्रूनपाशी, म्हणजे अथेन्समधल्या देवमातेच्या देवळापाशी. एका पोरानं रांजण फोडला, तेव्हा अथेन्सकरांनी पोराला फटके दिले आणि याला नवा रांजण. ही गोष्ट डायोजेनिस लाएर्शियस या दुसऱ्याच डायोजेनिसची, तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्याची, म्हणजे पाचेकशे वर्षांनंतरची, तिखटमीठ असणारच. पण फुटला तो मातीचाच ना?

चकोर: ग्रीक पुराणात जगातली संकटं जिच्या भांड्यातून बाहेर पडली, त्या पँडोराकडेही पिथोसच होता. 16व्या शतकात इरॅस्मस या डच पंडितानं लॅटिनमध्ये त्याची डबी केली, आणि जग अजून ‘पेटी’च उघडतंय. रुळलं ते रुळलं. पिंप राहू द्या.

सांगलीकर: रुळलं म्हणून बरोबर? मग डायोजेनिसच्या पंथाचं नाव ‘सिनिक’, म्हणजे तुसडा, असंही छापा. मुळात तो शब्द ‘कुत्र्यासारखा’. लोक कुत्रा म्हणायचे, आणि हा गडी तेच नाव मिरवायचा. प्लेटोनं त्याला ‘वेडा झालेला सॉक्रेटिस’ म्हटलं, असंही सांगतात.

पांथस्थ: ‘रांजण’ संस्कृत ‘अलिंजर’वरून आलाय.

विहिणबाई: ‘अ’ गेला, ‘ल’चा ‘र’ झाला, शेवटी ‘ण’ कुठून उगवला? संस्कृतातून ओढून आणल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही.

गवतीचहा: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. रांजण नक्की ना?

पांथस्थ: मग रांजणगाव कशावरून?

चकोर: ते माहीत नाही, पण निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, पाण्यानं खडकात कोरलेले रांजणासारखे खड्डे. पाणी ओसरल्यावर जा.

विहिणबाई: मळगंगा देवीचं देऊळ तिथंच. वाटेत जेवण कुठे बरं मिळतं?