३३ बस फीडर: एसओसीपी 'ऑप्टिमल' म्हणतो, पण उत्तर खोटं का?

प्रश्न: आयईईई ३३ बस (वीजवितरणाचं ३३ जोडबिंदूंचं नमुना जाळं; बस म्हणजे जोडबिंदू), १२.६६ केव्ही, पाचही टाय स्विच (फांद्या एकमेकींना जोडणारे स्विच) उघडे. बस १८ वर ३ मेगावॅट सोलर. डिस्टफ्लो म्हणजे अशा फीडरमधल्या वीजप्रवाहाची समीकरणं; त्यातलं पी² + क्यू² = व्ही × एल हे समीकरण ≤ करून सैल केलंय, म्हणून ते एसओसीपी (सेकंड ऑर्डर कोन प्रोग्रॅम) म्हणून सुटतं. पी आणि क्यू म्हणजे लाईनमधली अ‍ॅक्टिव्ह आणि रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर, व्ही म्हणजे व्होल्टेजचा वर्ग. उद्दिष्ट फक्त सोलर कपात (मिळू शकणारी पण सोडून दिलेली सोलर वीज) कमीत कमी. कपात शून्य येते, पण तेच आकडे साध्या लोड फ्लोत (सैल न केलेल्या समीकरणांच्या गणितात) टाकले की बस १८ चं व्होल्टेज १.०५ या वरच्या मर्यादेच्या (ठरलेल्या व्होल्टेजच्या पटीत) वर जातं.

उत्तर १: सॉल्व्हरने पळवाट शोधलीय. एल म्हणजे प्रवाहाचा वर्ग. तो फुगवला की लाईनमध्ये आर × एल (आर म्हणजे लाईनचा रेझिस्टन्स) इतका खोटा लॉस होतो, जास्तीची वीज तिथेच जिरते. तुमच्या उद्दिष्टात लॉसला किंमतच नाही, मग तो का थांबेल? प्रत्येक लाईनवर व्ही × एल − (पी² + क्यू²) छापून बघा. शेपटाकडच्या लाईनींवर फरक दिसेल.

उत्तर २: उद्दिष्टात आर × एल ची बेरीज घाला. तेवढ्याने भागेलच असं नाही, कारण वरची व्होल्टेज मर्यादा घट्ट बसलीय. मग लॉस वगळून काढलेल्या रेषीय व्होल्टेजवरही तीच वरची मर्यादा लावा. हे व्होल्टेज खऱ्यापेक्षा कमी नसतं, त्यामुळे पळवाट बंद होते. कपात किंचित वाढते, ती सोसा.

उत्तर ३: आधी सोलरशिवाय तपासा: लॉस सुमारे २०२.७ किलोवॅट, बस १८ वर ०.९१३. म्हणजे खालची मर्यादा ०.९५ ठेवलीत तर सोलर नसताना मॉडेल सुटणारच नाही. आणि व्ही हा वर्ग आहे, मर्यादा १.०५ नव्हे, १.१०२५ लिहा. इथे भलेभले फसतात.