मदत हवी आहे: हौदाभोवती टर्फ (नकली हिरवळ) घालायचंय, कोट्याच्या फरशीवरच चिकटवावं का?

केवडा

नमस्कार मंडळी,

अलिबागजवळ नागावला आमची वाडी आहे, तिथे २० बाय १० फुटांचा स्विमिंग पूल बांधलाय. सासूबाई त्याला हौद म्हणतात. नुसतं 'पुलाभोवती' लिहिलं की वाचणाऱ्याला नदी आठवणार, म्हणून मीही हौदच म्हणते.

हौदाच्या चारही बाजूंना पाच फुटी पट्टा आहे, एकूण ४०० चौरस फूट, आणि त्याला आम्ही पॉलिश कोटा लावून बसलोय. चूक आमचीच. फरशी ओली करून तिच्यावर अनवाणी चालून बघायची बुद्धी तेव्हा कुणालाच झाली नाही. पावसाळ्यात शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं की आठ दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. गेल्या श्रावणात सासूबाई तिथेच घसरल्या. मनगटावर निभावलं, पण तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

फरशी उखडायची म्हणजे कोबाही निघणार आणि हौदाच्या काठाला धक्का बसेल अशी भीती वाटते. म्हणून टर्फ. दोघांकडून भाव घेतले. पहिला म्हणतो, ३५ मिमी उंचीचं टर्फ थेट कोट्यावर पूर्ण चिकटवतो, चौरस फुटाला ६५ रुपये, एका दिवसात काम. दुसरा खाली प्लास्टिकच्या जाळीदार ड्रेन सेल घालायला सांगतो, १२० रुपये. पहिल्याच्या मते दुसरा लुटतोय, दुसऱ्याच्या मते पहिल्याला काम येत नाही. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय क्लोरीनने रंग उडेल का, आणि मे महिन्यात पोरांचे पाय भाजतील का? ज्यांनी हौदाजवळ घातलंय त्यांनी कृपया सांगा. गच्चीवरच्या टर्फचे अनुभव नकोत, ते खूप वाचले.

वाडीवाला

केवडाताई, आमचं चौलला आहे, तीन पावसाळे झाले. थेट चिकटवू नका. टर्फच्या पाठीला पाणी जायला भोकं असतात, पण खाली सपाट फरशी आणि त्यावर गोंद म्हणजे ती भोकं बुजली. पाणी मध्येच अडकतं, उन्हात कुबट वास सुटतो आणि शेवाळ दिसेनासं होतं इतकंच. ते खाली असतंच.

क्लोरीनची काळजी सोडा. हौदाच्या पाण्यात ते दर दहा लाख भागांत एक ते तीन भाग इतकंच असतं, तेवढ्या शिंतोड्यांनी काही होत नाही. पण क्लोरीनची पावडर किंवा गोळी त्यावर सांडली तर पांढरा डाग पडतो, तो जात नाही. आमच्याकडे एक आहे, गोव्याच्या नकाशासारखा.

भाजण्याचं मात्र खरं. एप्रिल-मेमध्ये दुपारी उघड्या उन्हातल्या टर्फवर पाय टेकवत नाही, कोट्यापेक्षा जास्त तापतं. पाणी मारलं की निवतं, पण थोड्या वेळाने पुन्हा तसंच. आम्ही नारळाच्या सावलीकडच्या बाजूलाच घातलं.

मिस्त्रीचा_मुलगा

आधी ढाळ तपासा. बादलीभर पाणी काठावर ओता आणि कुठे जातं ते बघा. ते हौदापासून बाहेरच्या बाजूला गेलं पाहिजे, शंभर फुटांना निदान एक फूट. पाणी तिथेच थबकत असेल तर ६५ वालं घाला नाहीतर १२० वालं, पैसे बुडाले. ढाळ बरा असेल तर ड्रेन सेलवाला बरोबर सांगतोय.

टर्फ पॉलिइथिलिनचं आहे ना, विचारून घ्या. स्वस्तात पॉलिप्रॉपिलिनचं खपवतात, ते उन्हात लवकर कडक होतं. हौदाजवळ वर रबराचे दाणे किंवा वाळू टाकू देऊ नका, पायाला लागून सगळं पाण्यात आणि तिथून फिल्टरमध्ये. फूटभर नमुना घेऊन हौदाच्या पाण्यात आठ दिवस बुडवून ठेवा, मग धागे ओढून बघा. पाठ सुटली तर माल परत.

अजून एक. रोल दोन मीटर रुंद येतो. पाच फुटी पट्ट्याला तो फिरवत फिरवत चौफेर लावायचा मोह होतो. तसं करू नका. धाग्यांचा कल सगळीकडे एकाच दिशेला हवा, नाहीतर एक बाजू गडद आणि दुसरी फिकट दिसते. सांधे वाढतील, वाढू देत.

भरती_ओहोटी

विषयाला सोडून वाटेल, पण टर्फ हवंच आहे का? घसरणं थांबवायचं असेल तर पाट्याला टाकी लावतात तशी फरशीला लावून घ्या. पाथरवट दोन-तीन दिवसांत ४०० फूट खरखरीत करेल, उखडायची गरज नाही. वाडीत सुपारीची फुलं, नारळाच्या झावळ्यांचा कचरा रोज पडणार. फरशीवरचा खराट्याने निघतो, टर्फमधला बोटांनी वेचावा लागतो. मी वेचलाय.

केवडा

सगळ्यांचे आभार. काल बादली ओतली. तीन बाजूंना पाणी बाहेर गेलं, पण पंपाच्या खोलीकडच्या बाजूला जागचं हललं नाही. सासूबाई तिथेच घसरल्या होत्या. टाकी लावायची कल्पना घरी सांगितली, तर सासूबाई म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशी हेच सांगत होते." कुणालाच आठवत नाही, पण असेल. तर आता चारही काठांना टाकी आणि टर्फ फक्त सावलीच्या बाजूला, ड्रेन सेलवर. पंपाकडची बाजू मिस्त्री बुधवारी बघतोय.

मिस्त्रीचा_मुलगा

फिल्टरच्या बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटं पाणी सोडून धुता ते पाणी कुठे सोडता?

केवडा

त्याच बाजूला. अरे देवा.