गवती प्रशिक्षण-विमानतळाच्या खुणा शेतात कशा ओळखाव्यात?

प्रश्न

दक्षिण इंग्लंडमधील ज्या खेड्यात मी सध्या राहतो, त्याच्या उत्तरेला एक विस्तीर्ण आणि जवळजवळ सपाट शेत आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे नवशिके वैमानिक टायगर मॉथ विमाने उतरवण्याचा सराव करीत असत, असे गावातील दोन वयोवृद्ध गृहस्थ ठामपणे सांगतात. शेताच्या कडेने जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेवरून मी तीनदा हिंडलो, परंतु काँक्रीटचा एक तुकडाही दिसला नाही. पायवाटेलगत पातळ भिंतींची, छप्पर उडालेली विटांची एक खोली आहे आणि एका कुंपणात लोखंडी सळ्या ओवलेली गंजकी जाळी अडकलेली आहे. धावपट्टीच नसेल तर येथे विमानतळ होता हे कशावरून मानावे, आणि तो गवताचाच का ठेवला असावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

आपण पाहिलेला धावपट्टीचा अभाव हा त्या गृहस्थांच्या सांगण्याविरुद्धचा पुरावा नाही; उलट प्रशिक्षण-विमानतळाबाबत तो अपेक्षितच आहे. टायगर मॉथ हे १३० अश्वशक्तीच्या इंजिनाचे, दोन पंखजोड्यांचे हलके विमान. त्याच्या चाकांना ब्रेक नसत आणि शेपटीखाली चाकाऐवजी घसरपट्टी असे, त्यामुळे जमिनीवर त्याचा वेग आवरण्याचे काम गवतच करी. शिवाय बाजूचा वारा अशा हलक्या विमानाला सहज ढकलतो. एका ठरावीक दिशेच्या पट्टीपेक्षा, वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरता येईल असे मोकळे मैदान विद्यार्थ्यांसाठी कितीतरी सुरक्षित होते.

दुसरे कारण सामग्रीचे. १९४२पासून बॉम्बर विमानतळासाठी जे प्रमाण ठरले, त्यात २००० यार्डांची एक मुख्य आणि १४०० यार्डांच्या दोन दुय्यम धावपट्ट्या अपेक्षित होत्या. पूर्ण भारित लँकेस्टर हे बॉम्बर विमान सुमारे ३० टनांचे असे, तर टायगर मॉथ एक टनाच्याही आतले. ज्याच्यावाचून चालणारच नव्हते, त्याच्याकडे काँक्रीट गेले.

मूळ प्रशिक्षणशाळेच्या मैदानावर गर्दी होऊ लागली की जवळपासची शेते ताब्यात घेऊन तेथे साहाय्यक उतरणतळ केले जात. विद्यार्थी तेथे येत, उतरत, पुन्हा उडत आणि परत जात. पुढे तर वैमानिक म्हणून निवडलेल्या उमेदवारांना परदेशी प्रशिक्षणाला पाठवण्यापूर्वी येथेच सुमारे १२ तासांचे उड्डाण देऊन त्यांची पारख केली जाऊ लागली. आपले शेत असाच एखादा साहाय्यक तळ असावा, असे मला वाटते.

दुसरे उत्तर

कुंपणातील जाळीचे वर्णन वाचून मला फार आनंद झाला, कारण ती बहुधा सॉमरफेल्ड ट्रॅक असावी. कर्ट सॉमरफेल्ड या इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन अभियंत्याने ती तयार केली. तारेच्या जाळीत पोलादी सळ्या घालून ती चिखल होणाऱ्या गवतावर अंथरली जाई. युद्ध संपल्यावर ही जाळी शेतकऱ्यांनी कुंपणासाठी वापरली, म्हणून ती आज जेथे दिसते तेथेच अंथरलेली होती असे मात्र समजू नये. भिंत जर अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंच जाडीची असेल, वरून सिमेंटचा गिलावा असेल आणि ठरावीक अंतरावर विटांचे खांब काढलेले असतील, तर ती खोली युद्धकाळातील तात्पुरत्या बांधकामाच्या नेहमीच्या पद्धतीची आहे.

विमाने ठेवण्यासाठी अशा ठिकाणी बहुतेक वेळा ब्लिस्टर हँगर उभारत. पोलादी कमानींवर पन्हळी पत्रे ठोकलेली ही विमानघरे पाया फारसा न खणता उभी राहत आणि तितक्याच सहजपणे उचलून नेली जात. त्यांची जागा शोधायची असेल तर कोरड्या उन्हाळ्यात पीक कोठे खुरटते ते पाहावे, कारण दाबून घट्ट झालेल्या जमिनीत ते नीट वाढत नाही.

तथापि सर्वांत बोलका पुरावा कुंपणांचा असतो. मैदान करताना शेतांमधली झुडपी कुंपणे काढून टाकली जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशासंस्थेचा मोठ्या प्रमाणावरील (बारकावे दाखवणारा) नकाशा आजच्या नकाशाशेजारी ठेवला, तर कोणती रेषा नाहीशी झाली आणि कोणती नव्याने आली ते स्पष्ट दिसते. अर्थात युद्धानंतर यांत्रिक शेतीसाठीही पुष्कळ कुंपणे गेली, म्हणून केवळ एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. कधीकधी तर जमीनच उरत नाही. बर्कशरमधील थील येथे १९४१पासून २६ क्रमांकाची एलिमेंटरी फ्लाइंग ट्रेनिंग स्कूल, म्हणजे प्राथमिक उड्डाण-प्रशिक्षणशाळा होती. तेथील मैदान पुढे खडीसाठी खोदले गेले आणि आता तेथे पाण्याची तळी आहेत. त्याच परगण्यातील व्हाइट वॉल्टम मात्र अजूनही गवतावरच वापरात आहे.

तिसरे उत्तर

कागदपत्रांविषयी एक सूचना करतो. साहाय्यक तळाची स्वतंत्र नोंदवही क्वचितच मिळते, म्हणून त्याच्या नावाने शोधून निराश होऊ नये. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात एअर २९ या मालिकेत प्रशिक्षणशाळांच्या नोंदवह्या आहेत. आपल्या परिसरात कोणती शाळा होती ते आधी ठरवून तिची वही चाळावी. त्याचबरोबर १९४५ नंतरच्या काही वर्षांत रॉयल एअर फोर्सने घेतलेली हवाई छायाचित्रे हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा-जतन संस्थेच्या स्विंडन येथील संग्रहातून मागवता येतात. त्यांत हँगरची जागा आणि विमानांच्या वर्दळीने झिजलेले गवत अनेकदा दिसते.

प्रश्नकर्त्याची नोंद

आपणा सर्वांचा मी अत्यंत आभारी आहे. खोलीची भिंत मोजली. ती साडेचार इंचांचीच आहे आणि बाहेरून दोन खांबही आहेत. १८९०च्या दशकातील नकाशावर आजच्या या एका शेताच्या जागी पाच शेते दिसतात, आणि ज्या कुंपणात जाळी आहे ते कुंपण त्या नकाशावर नाहीच. तो नकाशा मी त्या दोघांपैकी एका गृहस्थांना दाखवला, तेव्हा त्यांनी आग्नेय कोपऱ्यावर बोट ठेवून विमाने रात्री तेथे झाकून ठेवत असत, असे सांगितले. हवाई छायाचित्र मागवले आहे. ते आले की प्रथम तोच कोपरा पाहीन आणि येथे कळवीन.