मदत हवी आहे: चुमाथांगच्या गरम झऱ्यांवर आईला न्यावं का आणि कसं?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी लडाखला जायचं घाटतंय. मी, बायको, आई आणि अमेरिकेहून येणारी धाकटी बहीण. लेह, पँगाँग, हानले यांबद्दल इथे भरपूर वाचायला मिळालं, त्यासाठी सगळ्यांचे आभार. पण एका जागेबद्दल हवी ती माहिती कुठेच मिळेना, म्हणून हा धागा.

ती जागा म्हणजे चुमाथांग. लेहहून उपशीपर्यंत मनालीचा रस्ता धरायचा, तिथून तो सोडून सिंधूच्या काठाकाठाने न्योमाच्या दिशेने जायचं. लेहपासून अंतर सुमारे १४० किमी. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, मधून सिंधू, आणि नदीच्या अगदी काठाशी दगडांमधून उकळतं पाणी नि वाफ. त्सो मोरीरी तळ्याकडे जाणारे बरेच जण तिथे चहा-मॅगीपुरते थांबतात, दोन फोटो काढतात आणि निघतात. आम्हाला मात्र अंघोळीसाठी थांबायचंय.

कारण आई. वय ६६, दोन्ही गुडघे झिजलेत. सपाटीला चालते, जिना उतरताना मात्र कठडा सोडत नाही. आमचं गाव संगमेश्वराकडचं, त्यामुळे तुरळ-राजवाडीची उन्हाळी (गरम पाण्याचे झरे) तिच्या लहानपणापासूनची. लावणी उरकली की आजीबरोबर अंग शेकायला जायची, असं सांगते. ठाण्यात आल्यापासून वज्रेश्वरीला गेली की अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसल्याशिवाय परतत नाही. चुमाथांगचा व्हिडिओ तिने कुठेतरी पाहिला आणि मला म्हणाली, "तळीबिळी तुम्ही बघा, मला त्या नदीकाठच्या उन्हाळ्यावर ने." तिने स्वतःहून काही मागण्याची वेळ क्वचितच येते. त्यामुळे मला हे नीट करायचंय, आणि तितकीच भीतीही वाटतेय.

तिला रक्तदाब आहे, अ‍ॅम्लोडिपिन रोज चालू, आटोक्यात असतो. मधुमेह नाही, दमा नाही. आमच्या डॉक्टरांनी उंचीवर जायला हरकत नाही म्हटलंय. पण गरम पाण्यात बसण्याचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तिथली व्यवस्था बघून ठरवा." ती व्यवस्थाच मला कळत नाहीये. नदीकाठी उघड्यावर बसता येईल असं डबकं आहे का, की न्हाणीघरंच आहेत? बायकांसाठी आडोसा? पाणी इतकं कढत असताना ते अंगावर घेण्याजोगं कसं करतात? आणि रात्री तिथेच मुक्काम करावा, की अंघोळ उरकून पुढे त्सो मोरीरी गाठावं? टॅक्सीवाला म्हणतो एका दिवसात सहज होतं.

बहिणीकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं) कार्ड आहे. तिच्या परवान्याचं काय, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

भटकी_पुणेकर

आधी व्यवस्थेचं सांगते. चुमाथांगला वज्रेश्वरीसारखी बांधीव कुंडं डोळ्यांसमोर आणू नका. झरे काठावर विखुरलेले आहेत. काही ठिकाणी पाणी बुडबुडत वर येतं, काही ठिकाणी नुसती वाफ. सभोवतीची जमीन पांढऱ्या-पिवळ्या क्षारांनी माखलेली असते. त्या पांढऱ्या पापुद्र्यावर आईंना अजिबात पाय ठेवू देऊ नका. वरून कोरडा दिसतो, खाली गरम चिखल असू शकतो. दगडावरून दगडावर जायचं, तेही कुणीतरी हात धरून. गुडघे दुखणाऱ्या माणसाला काठापर्यंत उतरणं हीच मोठी परीक्षा आहे, पाणी नंतर.

काही जण नदीच्या कडेला दगड रचून छोटी खळगी करतात आणि त्यात झऱ्याचं नि सिंधूचं पाणी मिसळू देतात. ऐन उन्हाळ्यात बर्फ वितळून सिंधू फुगलेली असते, तेव्हा कडेचं बरंचसं पाण्याखाली जातं. सप्टेंबरअखेर नदी उतरलेली असते, तुमचा महिना चांगला निवडलाय. पण अशी खळगी सापडली तरी आईंनी फक्त पाय सोडून बसावं. आडोसा नाही, वारा बोचरा, आणि मागे रस्त्यावरून लष्कराच्या गाड्यांची ये-जा.

अंघोळीसाठी रस्त्यालगतच्या विश्रामगृहांतली न्हाणीघरं बरी. झऱ्याचं पाणी आणून दिलेलं असतं, सोबत गार पाण्याची बादली. आधी बादलीत गार पाणी, मग त्यात गरम. उलटं करू नका. हाताच्या पंजाला अंदाज येत नाही, कोपर बुडवून बघा. जाण्याआधी फोन करून न्हाणीघर चालू आहे ना, याची खात्री करून घ्या.

आणखी एक. आईंना जोडवी, पैंजण, जे काही चांदीचं असेल ते काढून ठेवायला सांगा. गंधकाच्या पाण्याने चांदी काळी पडते. माझ्या सासूबाईंची जोडवी बघता बघता शिसवी रंगाची झाली आणि त्यांना तो अपशकुन वाटला. परतल्यावर सोनाराने उजळून दिली, पण तोवरची त्यांची घालमेल मी पाहिलीय.

वैद्यकी

मी डॉक्टर आहे, पण आईंना तपासलेलं नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच पक्कं करा.

एका दिवसात लेह ते त्सो मोरीरी हा बेत सोडा. लेह साधारण ३,५०० मीटरवर, चुमाथांग ४,००० च्या आसपास, त्सो मोरीरी ४,५०० च्या. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य नियम आहे. टॅक्सीवाला गाडी सहज नेईल हो, पण एकदम हजार मीटर वर जाऊन झोपलेल्या माणसाची रात्र सहज जाईलच असं नाही. चुमाथांगचा मुक्काम या हिशेबात बरोबर मधली पायरी आहे. लोक तिथे थांबत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता गरम पाणी. गरम पाण्यात बसलं की रक्तवाहिन्या फैलावतात, रक्तदाब उतरतो. अ‍ॅम्लोडिपिनचं कामही तेच. त्यात विरळ, कोरडी हवा, श्वासावाटे पाणी जातंय आणि स्वच्छतागृह नीट नसतं म्हणून बायका पाणी पीत नाहीत. अशा वेळी झटकन उठून उभं राहिलं की चक्कर येते, आणि ओल्या फरशीवर पडणं गुडघेदुखीपेक्षा फार महागात जातं. म्हणून पोहोचल्या पोहोचल्या अंघोळ नको. डोकेदुखी, मळमळ, धाप यांपैकी काही असेल तर त्या दिवशी अंघोळच नको. पाणी ४० अंशांच्या वर नको, वेळ दहा-पंधरा मिनिटं, बसायला स्टूल, दाराला आतून कडी लावायची नाही आणि सुनेने किंवा मुलीने सोबत आत राहायचं. नंतर अंग कोरडं करून लगेच लोकरीचे कपडे, कोमट पाणी, अर्धा तास आडवं.

उंचीच्या त्रासासाठीची डायमॉक्सची गोळी मनाने सुरू करू नका. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारं दुसरं औषध चालू असणं, हे सगळं आधी बघावं लागतं. गुडघ्यांना शेकाने आराम पडेल, तोही तात्पुरता. झीज भरून येणार नाही, हे आईंना आधीच सांगा. नाहीतर फार आशेने जातील.

खडकवेडी

पाणी इतकं कढत का, याबद्दल थोडं. भारताचा भूखंड सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, ती सांधरेषा सिंधूच्या याच पट्ट्यातून जाते. भेगांमधून खोल गेलेलं पाणी तापून वर येतं. ४,००० मीटरवर पाणी १०० नव्हे, ८६-८७ अंशांनाच उकळतं, आणि चुमाथांगचे सर्वांत गरम झरे जवळपास तेवढे तापलेले असतात. त्यामुळे "उकळत असलं तरी वर कमी गरम असतं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ८० अंशांचं पाणी क्षणात कातडी सोलतं. आपल्या कोकणातल्या उन्हाळ्यांमागेही भेगांतून फिरणारं खोल पाणीच आहे, पण हिमालयात पृथ्वीच्या कवचाची उष्णता कितीतरी जास्त.

चुमाथांगच्या पुढे माहे पुलावरून वळलात की सुमदोजवळ पुगा खोरं लागतं. तिथेही झरे आहेत, टाकणखार आणि गंधक आहे. भूऔष्णिक विजेसाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये तिथल्या प्रकल्पाचा करार केला. गाडीतून उतरून लांबूनच बघा, दलदलीत शिरू नका. यांतलं कुठलंही पाणी तीर्थ म्हणून तोंडात घालू नका, आईंना हे जरा समजावून सांगावं लागेल. आणि कळकळीची विनंती, झऱ्यात साबण-शांपू नको. तिथली माणसं हेच पाणी दुखणाईतांसाठी वापरतात.

नुब्रा_प्रेमी

पनामिकचा विचार केलात का? नुब्रा खोऱ्यात आहे, उंची ३,२०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहहूनही खाली. अंघोळीची बांधीव सोय आहे, पायऱ्या बेताच्या. खारदुंग-ला हा उंच घाट ओलांडावा लागतो हे खरं, पण तिथे पाच-दहा मिनिटांहून जास्त थांबायचं नाही. नदीकाठी बसण्याची मजा चुमाथांगचीच, पण गुडघ्यांसाठी जायचं असेल तर पनामिक जास्त सोयीचं.

वैद्यकी

@नुब्रा_प्रेमी, चांगलं सुचवलंत. लेहमध्ये निदान ४८ तास विश्रांती, मग नुब्रा, आणि चुमाथांग त्यानंतर. शरीराला सवय व्हायला जास्त दिवस मिळतात. शिवाय पनामिकला आईंना गरम पाणी कसं मानवतं ते कमी उंचीवर कळेल.

परवाना_मदत

ओसीआय कार्ड असलं तरी या भागासाठी बहिणीला परदेशी नागरिकच धरतात. तिला संरक्षित क्षेत्राचा परवाना लागेल आणि तो लेहमधल्या नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फतच निघतो. परदेशी पाहुण्यांना कोणत्या भागात जाता येतं हे बदलत राहतं, तेव्हा हानले आणि त्सो मोरीरी ही नावं घेऊन स्पष्ट विचारा. तुमचं तिघांचं पर्यावरण शुल्क वगैरे लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर भरता येतं. छापील प्रती जवळ ठेवा, वाटेत तपासणी होते. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निदान एक पोस्टपेड असू द्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून हे सगळं आईला वाचून दाखवलं. जोडव्यांचं ऐकून लगेच म्हणाली, "घरीच काढून ठेवते." झीज भरणार नाही हे वाचताना मला जड गेलं, पण तिला ते माहीत होतं. म्हणाली, "बरं व्हायला नाही रे, बसायला जायचंय."

तर आता बेत असा बदललाय. लेहमध्ये पूर्ण विश्रांती, मग नुब्रा आणि पनामिक. तिथे तिला मानवलं तर परत लेह, आणि मग चुमाथांगला मुक्काम. काठापर्यंत उतरणं जमलं तर पाय सोडून बसेल, नाहीतर न्हाणीघर. त्सो मोरीरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिची तब्येत बघून ठरवू. तिला बरं नसेल तर मी तिच्याबरोबर लेहला परतेन, बाकी दोघी बहिणीच्या परवान्यात बसत असेल तर पुढे जातील. त्यासाठी दोन गाड्या लागतील, आणि ती तयारी ठेवतोय.

एक शेवटचं. चुमाथांगला कमोड असलेली खोली मिळते का? आईला उकिडवं बसता येत नाही.

भटकी_पुणेकर

काही ठिकाणी आहे, सगळीकडे नाही. फोनवर खोलीचं भाडं विचारण्याआधी हेच विचारा, आणि खोली तळमजल्याचीच मागा. तरीही घडीची कमोड खुर्ची गाडीच्या टपावर टाकून न्या. ठाण्यात सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळेल.